पळणाऱ्या क्वार्टरबॅकला पासिंग सुधारावंच लागतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांमुळे म्हणा किंवा रात्री जागून हायलाइट्स बघता बघता म्हणा, एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, नाद लागलेल्या लोकांकडून हे प्रश्न सारखे येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. ही नियमांची शिकवणी नाहीये, पण अडेल तिथे थोडं सांगत जाईन. क्वार्टरबॅक म्हणजे हल्ला करणाऱ्या टीमचा तो खेळाडू ज्याच्या हातात आधी बॉल येतो, मग तो पास टाकतो, दुसऱ्याला देतो किंवा स्वतः पळतो. आकडे २०२४ च्या सीझनपर्यंतचे आहेत.

एका वाक्यात सांगा ना, सुधारावं लागतं की नाही?

लागतं. पण सगळंच्या सगळं नाही, दोन-तीन ठराविक प्रसंगांतलं, आणि त्यासाठी पळणं सोडायची अजिबात गरज नाही.

रनिंग क्वार्टरबॅक नक्की म्हणायचं कोणाला? पळतात तर सगळेच ना?

पळतात सगळे, पण दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे स्क्रॅम्बल, म्हणजे पास टाकायला मागे गेला, कोणी मोकळं दिसेना, अंगावर माणसं यायला लागली, मग जीव वाचवत सुटला. दुसरं म्हणजे प्लेच, म्हणजे आखलेली चालच, मुळात त्याच्या पळण्यासाठी आखलेला असतो. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स पहिल्या प्रकारात भारी आहे पण त्याला कोणी रनिंग क्वार्टरबॅक म्हणत नाही. लमार जॅक्सन, जेलन हर्ट्स, जॉश ॲलन, जेडन डॅनियल्स, आणि आधीचे मायकल व्हिक, कॅम न्यूटन, यांच्यासाठी कोच मुद्दाम रन प्ले लिहितात. इथे बोलतोय ते यांच्याबद्दल.

पण क्वार्टरबॅक पळाल्याने एवढा फायदा काय होतो? त्यासाठी रनिंग बॅक आहे की.

साधा हिशोब आहे. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. नेहमीच्या रन प्लेमध्ये क्वार्टरबॅक रनिंग बॅकला, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला, बॉल देतो आणि बघत उभा राहतो, म्हणजे दहा विरुद्ध अकरा झालं. क्वार्टरबॅक स्वतः पळू शकत असेल तर हिशोब बरोबरीत येतो.

झोन रीड नावाचा प्ले स्लो मोशनमध्ये बघा एकदा. स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे क्वार्टरबॅककडे आला, त्याने बॉल रनिंग बॅकच्या पोटाशी धरला, पण सोडला नाही अजून. बचावाच्या पुढच्या रांगेत टोकाला उभ्या असलेल्या एका डिफेन्सिव्ह एंडला मुद्दाम कोणी ब्लॉकच केलेलं नाही आणि क्वार्टरबॅकची नजर फक्त त्याच्यावर आहे. तो आत रनिंग बॅककडे वळला की क्वार्टरबॅक बॉल खेचून घेतो आणि त्यानेच मोकळ्या केलेल्या जागेतून बाहेर सुटतो, तो जागेवर थांबला तर बॉल सरळ रनिंग बॅकला. म्हणजे त्या बिचाऱ्याने काहीही केलं तरी चूकच. एकही माणूस खर्च न करता एक डिफेंडर बाद केला, आणि हे सगळं सेकंदभरात.

शिवाय या भीतीने लाइनबॅकर, म्हणजे बचावाची दुसरी फळी, पुढे सरकतात, त्यांच्या मागे मैदानाच्या मधोमध जागा होते आणि तिथे पास सोपा होतो. हे लोक विसरतात. पाय हे पासिंगला पर्याय नाहीत, पाय पासिंग स्वस्त करून देतात.

मग एवढं चालतंय तर पासिंगची कटकट कशाला?

कारण नुसत्या पळण्यावर मॅचेस जिंकता येत नाहीत, आणि याचा पुरावा अगदी साफ आहे. क्वार्टरबॅकने एका सीझनमध्ये १००० यार्डांच्या वर पळायचं असं आजवर फक्त चार वेळा झालंय. २००६ मध्ये मायकल व्हिक, १०३९ यार्ड. २०१९ मध्ये लमार, १२०६ यार्ड, हा अजूनही रेकॉर्ड. २०२० मध्ये परत लमार, १००५. आणि २०२२ मध्ये शिकागोचा जस्टिन फील्ड्स, ११४३. आता टीमचे निकाल बघा. व्हिकची अटलांटा ७ जिंकल्या ९ हरल्या. लमारची बाल्टिमोर १४-२ आणि नंतर ११-५. फील्ड्सची शिकागो ३-१४!

पळणं जवळपास सारखं, निकाल कुठल्या कुठे. फरक हातात होता. व्हिकचे त्या वर्षी ५२.६ टक्केच पास पूर्ण झाले होते, लमारचे २०१९ मध्ये ६६.१ टक्के आणि वर ३६ टचडाउन पास (समोरच्या टोकाला बॉल पोचवून पॉइंट मिळवून देणारे), म्हणजे लीगमध्ये सगळ्यात जास्त, ते पण पळण्याचा रेकॉर्ड केला त्याच सीझनमध्ये. फील्ड्स ६०.४ वर होता, ११ इंटरसेप्शन (समोरच्यांनीच पकडलेले पास), आणि बॉल हातात धरून ठेवायची सवय इतकी की ५५ वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाडला गेला. आता शिकागोची टीमच भिकार होती, डिफेन्स नव्हता, रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे, नव्हते, हे मान्य आहे, सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. पण टीम भिकार असताना नुसत्या पायांनी ती वर काढता येत नाही हेही तेवढंच खरं.

पळणं अडतं कुठे नक्की?

दोन ठिकाणी. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. तिसरा डाउन आणि अजून ९-१० यार्ड हवेत, आणि दुसरं म्हणजे तुम्ही दोन टचडाउनने मागे आहात. पहिल्या केसमध्ये डिफेन्सला माहीत असतं की एवढं अंतर पळून सहसा मिळत नाही, ते मागे राहून वाट बघतात, एक माणूस स्पाय म्हणून फक्त क्वार्टरबॅकवर सोडतात. दुसऱ्या केसमध्ये घड्याळ मारतं. पळणारा मैदानाच्या आतच पाडला गेला की घड्याळ चालूच राहतं, पास खाली पडला की थांबतं, त्यामुळे मागे असलेल्या टीमला पास टाकावाच लागतो.

जानेवारी २०२० ची बाल्टिमोर-टेनेसी प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची नॉकआउट मॅच, बघा. बाल्टिमोर १४-२ करून आलेली, घरचं मैदान, आणि टेनेसीने सुरुवातीलाच १४-० केलं. मग झालं असं की जी टीम अख्खा सीझन पळून पळून लोकांना दमवत होती तिच्या क्वार्टरबॅकला ५९ पास टाकावे लागले. लमार त्या दिवशी १४३ यार्ड पळाला, पासिंगचे ३६५ यार्ड केले, आणि तरी २८-१२ ने हरले. पास होते, पण दोन इंटरसेप्शन होते, आणि मागून येऊन जिंकायला जी लय लागते ती नव्हती कारण तशी वेळ सीझनभर फारशी आलीच नव्हती.

फक्त लेग साइडला मारणारा बॅट्समन असतो ना, गल्लीत राजा, पण चांगल्या बोलरला एकदा कळलं की तो ऑफ स्टंपच्या बाहेरच टाकत बसतो, तसं आहे हे. एनएफएलमधले डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचाव आखणारे कोच, तर आठवडाभर टेप बघण्याचेच पैसे घेतात.

पासिंग सुधारणं म्हणजे काय? हात तर यांचे भक्कमच असतात.

हाताची ताकद हा प्रश्न नसतोच जवळपास. व्हिक मनगटाच्या झटक्यात साठ यार्ड फेकायचा. लागतं ते वेगळं.

पहिलं म्हणजे पॉकेटमध्ये टिकणं. पाच धिप्पाड लाइनमननी केलेल्या घेऱ्यात तीन सेकंद मिळतात, पहिला रिसीव्हर बंद दिसला की दुसरा बघायचा, मग तिसरा. पळणाऱ्याला लहानपणापासून सवय असते की पहिला बंद दिसला की सुट, कारण शाळेत आणि कॉलेजात तेच सगळ्यात फायद्याचं होतं. ही सवय मोडणं फार अवघड.

दुसरं म्हणजे रिसीव्हर वळायच्या आधी बॉल सोडणं. मोकळा दिसल्यावर टाकला तर एनएफएलमध्ये उशीर झालेला असतो, तो मोकळा होणार आहे हे ओळखून टाकायचा असतो. आणि तिसरं म्हणजे साइडलाइनजवळचे पास. मधला भाग पायांच्या धाकाने उघडतो पण कडेचा नाही उघडत, तिथे नुसती अचूकता लागते.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. पळणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर डिफेन्स बऱ्याचदा मॅन कव्हरेज टाळतो, कारण मॅनमध्ये प्रत्येक डिफेंडर आपापल्या रिसीव्हरमागे पाठ करून धावतो आणि क्वार्टरबॅक सुटला तर कोणाला दिसतच नाही. म्हणून झोन लावतात, म्हणजे प्रत्येकाने मैदानाचा आपला भाग राखायचा, सगळ्यांच्या नजरा क्वार्टरबॅकवर. याचा अर्थ असा की अशा क्वार्टरबॅकला झोन फोडता आलाच पाहिजे, म्हणजे थांबून, वाचून, दोन डिफेंडरांच्या मधल्या फटीत वेळेवर बॉल. त्याच्या पायांनीच त्याच्यासमोर हा पेपर काढलेला असतो.

टिम टिबो तर पास येत नसताना प्लेऑफ जिंकला की!

जिंकला, आणि ती मॅच माझ्याच बाजूने आहे! २०११ च्या सीझनमध्ये त्याचे ४६.५ टक्के पास पूर्ण झाले, म्हणजे अर्धेसुद्धा नाही. तरी डेन्व्हर ढकलत ढकलत प्लेऑफला पोचलं, समोर पिट्सबर्ग, ओव्हरटाइम. पिट्सबर्गने रन अडवायला माणसं पुढे आणून ठेवली, टिबोने ओव्हरटाइमच्या पहिल्याच प्लेवर मधून डिमेरियस थॉमसला पास टाकला आणि थॉमस ८० यार्ड जाऊन टचडाउन करून मोकळा. म्हणजे शेवटी जिंकवलं कोणी, तर पासने. पुढच्या आठवड्यात न्यू इंग्लंडने ४५-१० ने धुतलं, आणि दोन महिन्यांत डेन्व्हरने पेटन मॅनिंग या नावाजलेल्या क्वार्टरबॅकला आणून टिबोला न्यू यॉर्क जेट्सकडे पाठवून दिलं. जिंकलेल्या क्वार्टरबॅकला इतक्या पटकन कोणी काढत नाही, टेप बघणाऱ्यांना दिसलं असणार ना काहीतरी.

जॉश ॲलन कसा काय सुधारला मग? म्हणजे कोणीही सुधारू शकतो?

ॲलन हे सगळ्यांचं आवडतं उदाहरण आहे आणि त्यामुळेच थोडं धोकादायक आहे. २०१८ मध्ये ५२.८ टक्के, २०१९ मध्ये ५८.८, आणि २०२० मध्ये एकदम ६९.२, सोबत ४५४४ यार्ड आणि ३७ टचडाउन पास. एवढी उडी सहसा कोणी मारत नाही.

कारणं बरीच. ऑफ सीझनमध्ये जॉर्डन पामर नावाच्या कोचबरोबर पायांची ठेवण, कंबर कशी वळते, यावर त्याने काम केलं, कारण आधी तो सगळं हाताच्या जोरावर फेकायचा. हल्ला आखणारा कोऑर्डिनेटर ब्रायन डेबॉल तोच राहिला, दरवर्षी प्लेची नवीन भाषा शिकायला लागली नाही. आणि २०२० मध्येच बफेलोने, म्हणजे ॲलनच्या टीमने, स्टीफन डिग्ज हा रिसीव्हर आणला, जो त्या वर्षी १२७ कॅच घेऊन लीगमध्ये पहिला आला. यातलं कुठलं किती टक्के याची वाटणी मला तरी करता येत नाही, आणि जो करून दाखवतो त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका.

याच्या नादाने टीम लोकांना वाटायला लागलं की कच्चा पण दांडगा पोरगा घ्या, दोन वर्षांत ॲलन बनवू. इंडियानापोलिसने २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधल्या खेळाडूंच्या निवडीत, चौथ्या नंबरवर अँथनी रिचर्डसन घेतला, शरीर बघाल तर पुतळा, पण २०२४ मध्ये ४७.७ टक्के. ॲलन अपवाद आहे हो, त्याला रेसिपी समजू नका.

हर्ट्स तर नुसता धक्का मारून टचडाउन करतो, त्याला पासर कोण म्हणेल?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक डॅलसचे, म्हणजे हर्ट्सच्या फिलाडेल्फियाच्या वैऱ्यांचे, फॅन असतात. टश पुश, म्हणजे तो धक्का, खरंय, एक यार्ड हवा असला की मागून दोघं ढकलतात आणि हर्ट्सच्या मांड्या बघता तो मिळतोच. इतका मिळतो की २०२५ च्या मे महिन्यात लीगमध्ये बंदीवर मतदान झालं, २२ टीम बंदीच्या बाजूने होत्या, लागत होत्या २४.

पण फेब्रुवारी २०२५ चं सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, बघा. कॅन्सस सिटीने सगळा जीव फिलाडेल्फियाचा रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कलीला अडवण्यात घातला. गडी सीझनमध्ये २००५ यार्ड पळालेला, त्याला २५ वेळा बॉल देऊन फक्त ५७ यार्ड मिळू दिले. म्हणजे प्लॅन यशस्वी! आणि तरी फिलाडेल्फिया ४०-२२ ने जिंकली, कारण हर्ट्सने २२ पैकी १७ पास पूर्ण केले, २२१ यार्ड, त्यात डेव्हॉन्टा स्मिथला ४६ यार्डांचा एक टचडाउन, मॅचचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. वर ७२ यार्ड पळाला, सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅकसाठी हा रेकॉर्ड. एक इंटरसेप्शन होतं, असो.

आणि हा तोच पोरगा ज्याला अलाबामाने जानेवारी २०१८ च्या नॅशनल चॅम्पियनशिपमध्ये हाफटाइमला बसवलं, कारण पासिंग चालत नव्हतं. एनएफएलमध्ये आल्यावरही २०२१ मध्ये ६१.३ टक्के, आणि २०२२ मध्ये ए. जे. ब्राउन आल्यावर ६६.५. परत तेच, रिसीव्हर आला की क्वार्टरबॅक सुधारतो. अर्धं श्रेय खेळाडू आणणाऱ्या मॅनेजरचं, पण पोस्टरवर फोटो एकाचाच.

लमार दोनदा एमव्हीपी आहे, मग प्लेऑफमध्ये का आपटतो? पासिंगमुळेच ना?

सीझनचा सर्वोत्तम खेळाडू दोनदा ठरलाय हे खरं, पण प्रश्नाचं उत्तर आधी होय, आता नाही. २०२० च्या टेनेसी मॅचबद्दल वर लिहिलंच आहे. पण २०२३ मध्ये कोऑर्डिनेटर बदलला, ग्रेग रोमन जाऊन टॉड मंकन आला, पासचं डिझाइन बदललं, आणि २०२४ मध्ये लमारने ४१ टचडाउन पास विरुद्ध फक्त ४ इंटरसेप्शन, ४१७२ यार्ड पास, ९१५ यार्ड रन असा सीझन काढला. एकाच सीझनमध्ये ४००० पास आणि ९०० रन कोणी केलंच नव्हतं आधी. तरी एमव्हीपी ॲलनला दिला, त्यावर मी बोलत नाही, बोललो तर थांबणार नाही.

आणि मग जानेवारी २०२५, बफेलो, थंडी, बर्फ. पहिल्या हाफमध्ये लमारने एक इंटरसेप्शन दिलं, एक फंबल केला, म्हणजे हातातून बॉल सोडला, ते त्याच्या नावावर. पण शेवटी दीड मिनिट राहिलेलं असताना टचडाउन करून २७-२५ केलं, बरोबरीसाठी टचडाउननंतरच्या जादा दोन पॉइंटचा पास मार्क अँड्र्यूजच्या हातात टाकला आणि तो सुटला. तो कॅच झाला असता तर मॅच बरोबरीत गेली असती आणि लोकांची भाषा थोडी वेगळी असती. पासर म्हणून त्याला अजून काय सिद्ध करायचंय मला माहीत नाही.

जुन्या काळात असे होते का?

स्टीव्ह यंग. माझ्या मते सगळी चर्चा याच्यापाशी संपायला हवी. टँपा बेमध्ये दोन वर्षं नुसता जीव घेऊन पळत होता, १९८७ मध्ये कोच बिल वॉल्शने त्याला सॅन फ्रान्सिस्कोला आणलं, तिथल्या जो मोंटाना नावाच्या क्वार्टरबॅकच्या मागे राखीव म्हणून काही वर्षं बसला, छोटे वेळेवरचे पास शिकला, आणि पुढे पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पास टाकण्याच्या गुणांकनात, सहा वेळा लीगमध्ये पहिला आला. १९९५ च्या जानेवारीतलं सुपर बोल, सहा टचडाउन पास, ४९-२६. आणि त्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त यार्ड पळालं कोण, तर हाच, ४९ यार्ड!

रँडल कनिंगहॅमचंही तसंच, १९९० मध्ये फिलाडेल्फियात ९४२ यार्ड पळाला, पण त्याचा सगळ्यात चांगला सीझन आला १९९८ मध्ये मिनेसोटात, ३४ टचडाउन पास, टीम १५-१. व्हिकही २०१० मध्ये फिलाडेल्फियात ६२.६ टक्क्यांवर गेला, तीस वर्षांचा झाल्यावर. म्हणजे जमत होतं, अटलांटात कोणी नीट करून घेतलं नाही आणि त्यानेही मनावर घेतलं नाही.

पळण्याने इंज्युरी जास्त होतात, म्हणून तरी पासिंग शिकावं ना?

रॉबर्ट ग्रिफिनचं नाव येतंच इथे. २०१२ मध्ये रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा खेळाडू, म्हणून काय खेळला होता, आणि जानेवारी २०१३ ला सिॲटलविरुद्ध आधीच दुखऱ्या गुडघ्यावर खेळवला आणि गुडघा गेला. परत तो ग्रिफिन दिसलाच नाही. पण नियम म्हणून सांगणं अवघड आहे. लमारचे २०२१ आणि २०२२ हे दोन सीझन अर्धवट राहिले, आणि दोन्ही वेळा त्याला लागलं ते पास टाकायला मागे गेलेला असताना, आखलेल्या रनवर नाही. पळताना निदान समोरून कोण येतंय ते दिसतं आणि स्लाइड करता येते. पॉकेटमध्ये मागून येणारा १३० किलोचा माणूस दिसत नाही.

हा प्रश्न काळ्या क्वार्टरबॅकबद्दलच जास्त का विचारला जातो?

कारण इतिहास तसा आहे. वॉरन मून १९७८ च्या रोझ बोल या कॉलेजच्या मोठ्या मॅचचा हिरो, तरी एनएफएलमध्ये कोणी ड्राफ्टच केलं नाही, कॅनडात एडमंटनला जाऊन खेळावं लागलं, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि हे जुनंच आहे असं नाही. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये ॲलन आणि लमार दोघं होते, दोघांचंही कॉलेजातलं पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५६-५७ टक्क्यांच्या आसपास. ॲलनला सातव्या नंबरला उचलला, हात बघा हात, असं म्हणत. लमारकडे आधीच हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, होती, तरी बिल पोलियनसारखा हॉल ऑफ फेममधला जाणकार म्हणाला की याने रिसीव्हर व्हावं, आणि तो गेला ३२ व्या नंबरला. त्यामुळे "आधी पास टाकायला शिक" हे वाक्य ऐकलं की कोण कोणाला म्हणतंय तेही बघा. मुद्दा बरोबर असतो, पण तो सगळ्यांना सारखा लावला जात नाही.

कॉलेजमध्ये तर नुसतं पळूनही चालतं?

चालतं. नेव्ही आणि आर्मी वर्षानुवर्षं ऑप्शन, म्हणजे झोन रीडसारखे पळायचे प्ले, खेळतात, पास नावाला. तिथे टीमांमध्ये दर्जाचा फरक खूप असतो, एनएफएलमध्ये डिफेन्सिव्ह एंडसुद्धा पळणाऱ्याला गाठतो.

उलट विचारतो, नुसतं पासिंग येऊन पळता आलं नाही तर?

तर टॉम ब्रेडी, सात सुपर बोल. म्हणजे पाय नसले तरी चालतं, हात नसला तर नाही चालत. व्हिक ते फील्ड्स एवढं पळून कोणी नुसत्या पायांवर सुपर बोल जिंकलेलं नाही, कॉलिन केपर्निक आणि न्यूटन हे क्वार्टरबॅक सुपर बोलपर्यंत गेले ते पास चालत होता त्या सीझनमध्येच. मात्र दोन्ही असलेला माणूस मिळाला तर ब्रेडीपेक्षा अडवायला अवघड, असं मला वाटतं. जेडन डॅनियल्सने २०२४ मध्ये रूकी असताना ६९ टक्के पास आणि ८९१ यार्ड रन केले, वॉशिंग्टन १२-५ करून थेट एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या एका अर्ध्या भागाच्या, फायनलला. त्याला आधी पळू दे, पासिंग नंतर बघू, असं कोणी म्हटलंच नाही, पहिल्या दिवसापासून दोन्ही.

नवीन माणसाने सुरुवात कुठून करावी, आणि लाइव्ह किती वाजता असतं?

वर सांगितलेलं २०२५ चं सुपर बोल आणि जानेवारी २०२५ ची बाल्टिमोर-बफेलो, या दोन बघा. बघताना एकच करा, तिसरा डाउन आणि सातच्या वर यार्ड हवे असतील तेव्हा बॉलकडे नाही, क्वार्टरबॅकच्या पायांकडे बघा, तो थांबतोय की सुटतोय. लाइव्हसाठी रविवारच्या पहिल्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली की साडेअकराला. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला, त्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा.